अस्लाकचा चेहरा

डिसेंबरात उत्तरेच्या खाडीकाठी वसलेल्या तारेविकला दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात, म्हणून संध्याकाळी पाचची वेळ म्हणजे तिथल्या लोकांच्या लेखी रात्रच. बॅन्डचा कार्यक्रम पाचला ठेवण्याचं कारण मात्र अगदी साधं होतं. खाडीपलीकडे जाणारी शेवटची फेरीबोट नऊची, आणि ती चुकली की सैतानाच्या नावानं किंचाळणाऱ्यालाही गाडीतच कुडकुडत झोपावं लागतं.

सिंद्रे दुपारपासून गाडी भरत होता. तो टपाल वाटायचा, त्यामुळे सामान रचण्यात त्याचा हात धरणारा त्या काठावर कुणी नव्हता. दोन अ‍ॅम्प, तारांची वेटोळी, जुनं फाटकं जाळं, समुद्राच्या पाण्यानं भरलेली झाकणाची बादली आणि गोणपाटात सुकवलेल्या कॉड माशांची मुंडकी. मुंडक्यांचा वास असा की काचा उघड्या ठेवाव्या लागत, आणि काचा उघडल्या की माणूस गारठून जाई. वास सोसायचा की थंडी, याच्यावर दर वेळी वाद व्हायचा.

"मुंडकी मागे ढकल," राग्ना म्हणाली. "पोटात ढवळतंय माझ्या."

"मग घरी राहा ना. सुईणबाईंनी काय सांगितलंय? पाय वर करून बसा म्हणाल्या. ड्रमशेजारी जाऊन बसा नाही म्हणाल्या."

"मी खुर्चीत बसणार आहे. भिंतीला टेकून. तू गाणार आणि मी घरी स्वेटर विणत बसू?"

सिंद्रेनं गोणपाट मागे ढकललं. बायकोशी वाद घालून जिंकल्याचं त्याच्या उभ्या आयुष्यात एकही उदाहरण नव्हतं. राग्नाला सातवा महिना सरत आला होता. याआधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना उलटायच्या आत सगळं संपलं, म्हणून या खेपेला तो तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत होता. मागच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बाळाची बोटं मोजून दाखवली, हाताची दहा, पायाची दहा. सिंद्रेनं ती बातमी टपालाबरोबर खाडीच्या दोन्ही काठांवर घरोघर पोचवली होती.

राग्ना गाडीत बसली. तिच्या मांडीवर पत्र्याचा एक चपटा डबा होता. त्याच्याकडे सिंद्रेनं एकदा पाहिलं आणि गाडी सुरू केली. डबा अस्लाकचा होता.

अस्लाक तिचा पाठचा भाऊ. त्यांच्या बॅन्डचं नाव ग्रोबोरा, म्हणजे करडी लाट, आणि अस्लाक त्यात गायचा. गाणं म्हणजे आपण म्हणतो तसं गाणं नव्हे. ब्लॅक मेटल नावाच्या त्या कर्कश संगीतात गळा असा खरवडतात की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, माणसाला कुणी खाली ओढतंय. गेल्या हिवाळ्यात तो एकटाच जाळी ओढायला खाडीत गेला. दुसऱ्या दिवशी बोट सापडली, इंजिन चालू, हातमोजे बाकावर नीट जोडून ठेवलेले. माणूस नव्हता. महिनाभर शोधलं, पण समुद्रानं त्याचं नखसुद्धा परत दिलं नाही. त्याला घर आहे, दार आहे, कबर तेवढी नाही, असं राग्नाची आई म्हणायची.

"काल परत आला का गं?" सिंद्रेनं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"आला. पलंगाच्या पायाशी उभा. कपड्यांतून पाणी ठिबकतंय."

"काही बोलला?"

"बोलत नाही. माझ्या पोटाकडे बघतो."

त्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. पोटुशी बाईच्या स्वप्नात मेलेलं माणूस आलं, की ते नाव मागायला आलं असं समजतात. बाळाला त्याचं नाव ठेवायचं, मग ते सुखानं झोपतं. राग्नाचं मन केव्हापासून त्यावर होतं. पण तिच्या आईनंच तिला दटावलं होतं. मातीत गेलेल्याला नाव द्यावं पोरी, समुद्रानं ठेवून घेतलेल्याला देऊ नये. नाव दिलंस की तो नावाच्या मागोमाग येतो, आणि जिथं जागा मिळेल तिथं शिरतो.

"आपण नाव दुसरं ठेवणार आहोत," सिंद्रे म्हणाला. "ठरलंय आपलं."

"हो रे बाबा, ठरलंय," राग्ना म्हणाली, आणि डबा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.

कार्यक्रम होता तारेविकच्या जुन्या प्रार्थनाघरात. ते म्हणजे पांढऱ्या लाकडी फळ्यांची लांबट खोली, मागे स्वयंपाकघर आणि बाजूला एक अडगळीची कोठी. प्रार्थनेला येणारी माणसं एकेक करून देवाघरी गेली, तेव्हा छप्पर गळायला लागलेली ती इमारत गावानं नाटकं, लग्नं आणि वाढदिवसांना द्यायला काढली. कारभार तिथल्या महिला मंडळाकडे, आणि महिला मंडळ म्हणजे बोर्गहिल्दबाई. राग्नाला आणि अस्लाकला लहानपणी रविवारच्या शाळेत त्यांनीच शिकवलेलं.

बाई दाराशी वाफलचं, म्हणजे जाळीदार गोड घावनांचं, पीठ ढवळत होत्या. कानांवर त्यांच्या नवऱ्याची, लाकूडगिरणीतली, आवाज अडवायची जाडजूड कर्णटोपी होती, एका कानावरून वर सरकवलेली.

"मुंडकी आणलीत का?" त्यांनी विचारलं. "खाली वर्तमानपत्र पसरा. मागच्या खेपेला जमिनीवर तेल सांडलं, ते मी नाताळपर्यंत घासत होते."

"हो बाई."

"आणि त्या मेणबत्त्या पडद्यापासून लांब. सैतानाची पूजा करा, माझी ना नाही, पण पडदे नवीन आहेत." मग त्यांची नजर राग्नाच्या पोटावर गेली, आणि पळी थांबली. "तू कशाला आलीस गं?"

"सिंद्रे गाणार आहे, बाई."

"तेच म्हणते मी," बाई पुटपुटल्या आणि परत पीठ ढवळायला लागल्या.

कोठीत एनोक ड्रमच्या काठ्यांना चिकटपट्टी गुंडाळत बसला होता. हा सहा फुटांहून उंच गडी दिवसा बालवाडीत काम करायचा. तोंडाला त्यानं केव्हाच रंग फासला होता. पांढराफटक चेहरा, डोळ्यांभोवती काळे खड्डे, ओठांवरून हनुवटीपर्यंत उतरलेल्या काळ्या रेघा. या लोकांची ही रीतच आहे, व्यासपीठावर जाताना मढ्याचा चेहरा करून जायचं. गिटारवाला वेमुंड कोपऱ्यात आरशाकडे तोंड करून आपला आपण रंगत होता.

"दिवसभर तीस पोरांची नाकं पुसून आलोय," एनोक म्हणाला. "आता कुणाला घाबरवायचं त्राण नाही अंगात. सिंद्रे, तुझं जाळं कुठंय?"

ठरलं होतं ते असं. सिंद्रे काही गाणारा नव्हे. पण सहा वर्षं बॅन्डचं सामान वाहून, दर सरावाला भिंतीशी बसून त्याला सगळी गाणी पाठ झाली होती. अस्लाकच्या आठवणीतला हा एकच कार्यक्रम, तेवढ्यापुरतं त्यानं उभं राहायचं. तोंडाला रंग लावायचा नाही, डोक्यावरून काळं जाळं ओढून घ्यायचं. आणि शेवटच्या गाण्याला अस्लाक काजळी फासलेला हात समुद्राच्या पाण्यात बुडवून खाली उतरायचा, लोकांच्या कपाळाला बोटं लावत फिरायचा, ते सिंद्रेनं करायचं नाही.

"डोळ्यांवर जाळं, हातात बादली आणि समोर बाईंची उकळती कॉफी," सिंद्रे म्हणाला होता. "कुणाचा तरी पाय भाजायचा. मी माईक सोडणार नाही."

राग्नानं डबा उघडला.

आत पांढऱ्या रंगाची घट्ट वडी होती आणि शेजारी काजळीची. वर्षभर कुणी झाकण काढलं नव्हतं. पांढऱ्या वडीत बोटांचे ठसे होते, चार लांब, आणि एक बुटका, बोथट. अस्लाकच्या डाव्या हाताची करंगळी दोर ओढायच्या यंत्रात अर्धी गेली होती. त्या अर्ध्या बोटानं तो डोळ्याच्या कडेला एक ठिपका लावायचा, शेवटी. तो ठिपका दुसऱ्या कुणाला जमायचा नाही.

"सिंद्रे, मला लावू दे," ती म्हणाली.

वेमुंडनं आरशातून वळून पाहिलं. एनोकनं काठ्या खाली ठेवल्या.

"राग्ना, तो चेहरा त्याचा आहे," एनोक म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा पार गेली होती. "ज्याचा चेहरा त्यानं लावायचा, आणि ज्यानं लावला त्यानंच धुवायचा. आणि धुवेपर्यंत त्या चेहऱ्याला घरच्या नावानं कुणी हाक मारायची नाही. अस्लाकनंच घातलेला नियम आहे हा."

"गंमत म्हणून घातला होता त्यानं."

"कशाला घातला ते त्याला माहीत. आम्ही पाळत आलो."

"मला एकदा बघायचंय त्याला," राग्ना म्हणाली. "तुम्ही लांबून बघा, तुमच्यासाठी सिंद्रे आहे. मला त्या उजेडात तासभर वाटलं तो आहे, तर तुमचं काय जातं? वर्षभर मी धड रडलेसुद्धा नाही. कबर नाही म्हणून फुलं कुठं ठेवायची ते कळत नाही मला."

सिंद्रेनं एनोककडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग तो मुकाट्यानं खोक्यावर बसला आणि डोळे मिटून तोंड वर केलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं की त्या माणसाचा देव आणि धर्म दोन्ही संपायचे.

तिनं पांढऱ्या वडीत बोट घातलं. वडी गार होती, बाहेरच्या थंडीपेक्षाही गार. अस्लाकचे ठसे तिच्या बोटाखाली पुसले गेले, तेव्हा तिला क्षणभर कसंनुसं झालं, पण आता थांबणं शक्य नव्हतं. हा चेहरा तिनं पहिल्यांदा घरच्या न्हाणीघरात पाहिला होता, तो पंधरा वर्षांचा असताना. आई दारावर धपाधप मारत होती आणि हे दोघं आत हसून लोळत होते. तिचा हात आपोआप चालला. कपाळ, गाल, डोळ्यांचे खड्डे. शेवटच्या ठिपक्यासाठी तिनं बोट दुमडून पेराचं टेंगूळ टेकवलं, आणि तो ठिपका बरोबर बसला. नको इतका बरोबर.

"झालं?" सिंद्रेनं विचारलं.

"झालं."

"आरशात बघू का?"

"नको," ती एकदम म्हणाली. का म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं.

सभागृहात शंभरेक माणसं दाटीवाटीनं उभी होती. काळे कोट, लोखंडी खिळ्यांचे पट्टे, आणि हातात बाईंचे वाफल, वर तपकिरी चीज. राग्नाची खुर्ची भिंतीशी, कॉफीच्या टेबलाजवळ. बाळ सकाळपासून चुळबुळत होतं, आता तर आतल्या आत कुशी बदलत होतं. तिला एका जागी बसवेना. तिनं पाय लांब केले, आखडून घेतले, परत लांब केले.

"तो येतो का गं स्वप्नात?" बोर्गहिल्दबाई टेबलाआडून हळूच म्हणाल्या.

"कोण?"

"मला नको विचारू कोण. नाव दिलंस का?"

"नाही, बाई."

"देऊ नकोस. तोंडातून काढूसुद्धा नकोस, आज तर नाहीच नाही. पाणी इथून दगड टाकण्याइतक्या अंतरावर आहे." बाईंनी कर्णटोपी दोन्ही कानांवर नीट बसवली. दिवे गेले.

आधी वास आला. जुनिपरच्या झुडपाच्या ओल्या डहाळ्यांचा कडवट धूर, मग सुक्या माशांचा. मेणबत्त्या एकेक करून पेटल्या तशी खांबांवर खोचलेली कॉडची मुंडकी दिसू लागली, तोंडं वासलेली, डोळ्यांच्या जागी भोकं. जहाजाच्या घंटेचा एक टोला पडला. आणि मग एनोकचा ड्रम असा सुटला की जमिनीच्या फळ्या पायाखाली थरथरू लागल्या. राग्नानं दोन्ही हात पोटावर धरले.

धुरातून तो पुढे आला. लोकांत एक कुजबुज फिरली आणि विरली. अस्लाकला ओळखणारे निम्मे तरी होते तिथं, आणि त्या चेहऱ्याला कुणी तयार नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं तोंडावर हात घेतला.

पहिलं गाणं सिंद्रेचं होतं. म्हणजे आवाज त्याचा, थोडा बिचकलेला, दोन ठिकाणी श्वास चुकलेला. राग्नाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. दुसऱ्यालाही तोच होता. तिसऱ्या गाण्यात काय झालं ते तिला नेमकं कळलं नाही. आवाज खाली उतरला, घशातून छातीत गेला, आणि त्यात पाणी भरल्यासारखी खरखर आली. तिनं डोळे मिटले. डोळे मिटल्यावर तर शंकाच नव्हती. वर्षभरानं तो आवाज ऐकत होती ती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. धुराचा वास मात्र आता मागे पडला होता. ओल्या दोराचा, शेवाळाचा, ओहोटीनंतरच्या चिखलाचा वास येत होता.

शेवटच्या गाण्याला मेणबत्त्या विझवल्या. एकच उरली. राग्नानं डोळे उघडले, तेव्हा समोरच्या माणसांची फळी मधोमध दुभंगत होती. कुणी बाजूला सरत होतं असं नाही, पण वाट होत होती. त्या वाटेनं तो येत होता.

तिला वाटलं, अखेर धीर आला म्हणायचा सिंद्रेला. उतरला खाली.

तो कुणाच्या कपाळाला हात लावत नव्हता. सरळ तिच्याकडे येत होता. अंगातून पाणी ठिबकत होतं, आणि पाय टेकले की फळ्यांवर चपक चपक वाजायचं. तो समोर उभा राहिला. काळ्या खड्ड्यांतून डोळे दिसत नव्हते. डोळ्याच्या कडेला तो बोथट ठिपका. मान थोडी डावीकडे कललेली, लहानपणी काही मागायचं असलं की कलायची तशी.

"सिंद्रे...?" ती म्हणाली.

तो हलला नाही. वाट बघत राहिला.

मग तिच्या तोंडून दुसरं नाव गेलं. थांबवायचं म्हटलं तरी थांबलं नसतं, वर्षभर ते दाताआड होतं.

"अस्लाक..."

त्यानं डावा हात उचलला आणि तिच्या पोटावर ठेवला. कोट, लोकरीचा स्वेटर, आतला सदरा, सगळ्यातून गारवा थेट कातडीला भिडला. बाळानं एकदा अंग आक्रसून घेतलं. आणि मग, सकाळपासून चुळबुळणारं ते पोर, एकदम शांत झालं.

त्याच वेळी तिच्या ध्यानात आलं. गाणं थांबलं नव्हतं. व्यासपीठावरून, माईकमधून, सिंद्रेचा बिचकलेला, श्वास चुकणारा आवाज येतच होता.

घंटेचा टोला पडला. शेवटची मेणबत्ती गेली. दिवे लागले तेव्हा तिच्यासमोर कुणी नव्हतं, आणि टाळ्यांचा कडकडाट चालला होता. बोर्गहिल्दबाई कर्णटोपी काढून तिच्याकडे बघत होत्या.

"तू उठून उभी का राहिलीस गं?" त्यांनी विचारलं. "कुणाशी बोलत होतीस?"

राग्ना धावत कोठीत गेली. सिंद्रे गरम पाण्याच्या पातेल्यासमोर वाकून तोंडाला साबण लावत होता. तिनं त्याच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि स्वतःच खसाखसा पुसायला लागली. काळं-पांढरं पाणी मानेवरून ओघळलं, आणि खालून नाक निघालं, लालसर गाल निघाले, हनुवटीवरची दाढी करताना कापलेली खूण निघाली. सिंद्रेचीच. तिनं त्याचे दोन्ही हात धरून बोटं एकेक करून चाचपली. सगळी धड होती.

"अगं, कातडी निघेल," तो हसत म्हणाला. "काय झालं? वाईट गायलो का?"

"तू खाली उतरलास?"

"कुठं खाली?"

"लोकांत. शेवटच्या गाण्याला."

"छे. मी माईकचा दांडा सोडलाच नाही. विचार एनोकला."

एनोकच्या हातात काठ्या तशाच होत्या. तो राग्नाकडे बघत होता, आणि रंगाखालीही त्याचा चेहरा उतरलेला कळत होता. "तू नाव घेतलंस," एवढंच तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

राग्ना खोक्यावर बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण भीतीनं ते आत गोठलं होतं. "सिंद्रे," ती म्हणाली, "बाळ हलत नाहीये."

मग सगळी धावपळ. सामान तिथंच टाकलं. बाईंनी खाडीपलीकडच्या प्रसूतिगृहाला फोन लावला, तिथून सांगितलं की काहीतरी गार प्यायला द्या, डाव्या कुशीवर निजवा, आणि पहिल्या बोटीनं घेऊन या. बाईंनी बाटलीत फळांचा रस भरून दिला. देताना त्यांनी राग्नाच्या कपाळावर हात ठेवला आणि ओठांत काहीतरी पुटपुटल्या. रविवारच्या शाळेतलंच असावं.

बोटीवर त्यांच्याखेरीज एकच ट्रक होता. सिंद्रेनं गाडीच्या मागच्या भागात अ‍ॅम्पवरची घोंगडी पसरून तिला निजवलं, आणि स्वतः तिच्या डोक्याशी बसला. इंजिनाची घरघर लोखंडातून अंगात शिरत होती. खाली काळं पाणी होतं, आणि त्याच पाण्यात, याच वाटेवर मधोमध, अस्लाकची बोट सापडली होती. दोघांनाही ते माहीत होतं.

"हललं?" सिंद्रे विचारायचा.

"नाही."

"रस पी अजून."

"प्याले."

थोड्या वेळानं परत तेच. तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज फुटला. "मी तो चेहरा लावून घ्यायला नको होता," तो म्हणाला. "नाही म्हणायला हवं होतं मी. तुला कधी नाही म्हणता येत नाही मला, राग्ना." आणि तो तोंड फिरवून काचेतून बाहेर बघत बसला. त्याचे खांदे हलत होते.

राग्नानं कोट बाजूला केला. स्वेटरवर डाग नव्हता, सदऱ्यावरही नव्हता. तिनं सदरा वर उचलला. छतातल्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात पोटाच्या कातडीवर काळ्या पंजाचा ठसा होता. अंगठा, तीन बोटं, आणि एक बुटकं, बोथट.

तिनं ओल्या फडक्यानं ते पुसलं. फडकं पांढरंच राहिलं.

मग ती नुसती पडून राहिली. पोटात दगड ठेवल्यासारखं जड आणि गार होतं सगळं. दोनदा असं जड झालं होतं याआधी, आणि त्यानंतर काय झालं ते तिचं शरीर विसरलं नव्हतं. तिसऱ्यांदा ते तिला सोसवणार नव्हतं. आणि बाळ कशानं हलेल, ते तिला आता पक्कं ठाऊक होतं. आईचे शब्दही ठाऊक होते. बाईंचेही.

सिंद्रेची पाठ तिच्याकडे होती. तिनं हनुवटी छातीला टेकवली, ओठ पोटाच्या जितके जवळ नेता येतील तितके नेले, आणि इंजिनाच्या घरघरीत बुडेल इतक्या हळू म्हणाली, "अस्लाक... ये."

आतून धडक बसली. ठशाच्या बरोबर खाली. मग दुसरी, मग कूस बदलली, सगळं पोट एका बाजूला कललं.

"सिंद्रे," ती म्हणाली, आणि सदरा घाईनं खाली ओढला. "हात ठेव इथं."

त्यानं हात ठेवला. क्षणभर तो तसाच राहिला, आणि मग लहान पोरासारखा रडायला लागला. हसतही होता. "आहे," तो म्हणत होता. "आहे गं, आहे. केवढ्या जोरात मारतोय बघ. काय केलंस तू?"

"काही नाही," राग्ना म्हणाली. "हाक मारली."

तोही तिला बिलगून तिथंच घोंगडीवर आडवा झाला. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. केसांच्या मुळाशी पांढरा रंग अजून थोडा राहिला होता.

इस्पितळात सगळं उबदार आणि लख्ख होतं. मागच्या वेळच्याच डॉक्टरीणबाई कामावर होत्या. सिंद्रेनं त्यांना येतायेताच सांगून टाकलं की आता हलतंय, उगाच घाबरलो, तुम्हाला त्रास दिला. त्या म्हणाल्या, आलाच आहात तर नीट बघून घेऊ. राग्नानं भीतभीत सदरा वर केला. पोट स्वच्छ होतं. ठशाची नावनिशाणी नव्हती, जसा काही तो पुसला न जाता आत मुरला होता.

पडद्यावर आधी धूर हलावा तसं काहीतरी दिसलं, मग पाठीचा कणा, मग ठक ठक उडणारं काळीज. "छान आहे ठोका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दमदार आहे. अगदी ड्रम वाजावा तसा." सिंद्रे हसला. राग्नाचा हात त्यानं घट्ट धरला होता.

बाळानं एक हात उघडला, पडद्याकडे तळवा करून. डावा.

"बघ," सिंद्रे म्हणाला. "टाटा करतोय. दहा आहेत ना हो अजून? मी सगळ्यांना सांगून बसलोय."

डॉक्टरीणबाई हसत मोजायला लागल्या, आणि मध्येच थांबल्या. त्यांनी चष्मा वर सरकवला. यंत्राचा दांडा त्यांनी पोटावर जरा डावीकडे घेतला, दाबून धरला, आणि पडद्याजवळ तोंड नेलं. खोलीत त्या काळजाचा ठोका तेवढा वाजत होता.

"मागच्या वेळी मीच मोजली होती ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच," सिंद्रे म्हणाला.

अंगठ्यापासून त्यांनी परत मोजायला सुरुवात केली. राग्नानं पडद्याकडे पाहिलं नाही. ती तोंड भिंतीकडे करून पडली होती, आणि खोलीत ओल्या दोराचा वास येत होता.